‘मगाचं पुसलाव का?’ : मुख्य निवडणूक आयुक्तांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग,
निर्वाचन सदन, अशोक रोड, नवी दिल्ली.

महोदय,
स. न. वि. वि.

पत्र तुमच्या खुर्चीला लिहिते आहे, म्हणून वर नाव घातलेलं नाही. खुर्चीतला माणूस सहा वर्षांनी किंवा वयाच्या पासष्टीला, जे आधी येईल तेव्हा, उठतो. हे पत्र पोचून फायलीला लागेपर्यंत तिथं कोण असेल काय सांगावं.

मी सोलापूरची. पूर्व भागात वाढले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि उर्दू. वडील मागावर होते, आई विड्या वळायची. मी पहिली ते चौथीच्या पोरांना पाढे शिकवत अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. त्या नोकरीत मधूनमधून दोन-तीन दिवस मी तुमची नोकरी केली. ही बोलायची पद्धत नव्हे, कायदा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २८-अ प्रमाणे मतदानाच्या कामावर नेमलेला कर्मचारी तेवढ्या काळापुरता निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचं मानलं जातं. शाळेचा हेडमास्तर तेव्हा माझा साहेब नसतो, तुम्ही असता. १९९१ ची लोकसभा ही माझी पहिली ड्युटी आणि नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा शेवटची. म्हणजे शेषनसाहेबांपासून राजीव कुमारसाहेबांपर्यंत सगळ्या मुख्य आयुक्तांची मी हाताखालची. तेव्हा हा तक्रार अर्ज समजू नका. हाताखालच्या बाईनं निवृत्तीनंतर, आता भीड नाही म्हणून, सांगितलेल्या काही गोष्टी समजा.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

ऑक्टोबर २०१४, विधानसभा. अक्कलकोट तालुक्यातलं एक गाव, नाव राहू द्या. मी केंद्राध्यक्ष. आदल्या दिवशी साहित्य वाटपाला सकाळपासून उभं राहून, एसटीनं संध्याकाळी गावात पोचलो. अंगणवाडीच्या बाईंनी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पिठलं आणून दिलं. रात्रभर पाकिटांवर शिक्के मारत बसलो. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे, निवडणुकीत मशीनपेक्षा पाकिटं जास्त छळतात. पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, ज्याला आम्ही सगळे मॉक पोलच म्हणतो. उमेदवारांच्या एजंटांसमोर पन्नास मतं टाकायची, मग क्लोज, मग रिझल्ट, आकडा जुळला की क्लिअर. शेवटी मशीन शून्यावर आहे हे सगळ्यांना दाखवून सील करायचं.

त्या दिवशी एक एजंट उशिरा आला, त्याची समजूत काढण्यात वेळ गेला. पन्नास मतं टाकून झाली, कागदावर नोंद झाली. तेवढ्यात क्षेत्रीय अधिकाऱ्यांचा फोन, “बाई, मॉक पोल झाला का? रिपोर्ट द्या.” बाहेर रांग लागलेली. मी “झाला” म्हणाले, फोन ठेवला आणि सीलची हिरवी पट्टी हातात घेतली. कोपऱ्यातल्या बाकावर एक म्हातारा एजंट बसला होता. पटका बांधलेला, घरी कन्नड बोलणारा. तो म्हणाला, “ओ बाई, मगाचं पुसलाव का?”

मला राग आला. खरं सांगते, पहिल्यांदा रागच आला. तेवीस वर्षं हे काम करते आहे आणि हा मला विचारतोय. पण हात आपोआप टोटलच्या बटणावर गेला. आकडा आला पन्नास.

ती पन्नास मतं पुसली गेली नसती तर संध्याकाळी सह्यांच्या रजिस्टरातले मतदार आणि मशीनमधली मतं यांत पन्नासचा फरक निघाला असता. माझ्यावर कारवाई झाली असती हे सोडा, त्या गावानं पुढची वीस वर्षं सांगितलं असतं की आमच्या शाळेत सकाळी सहाला पन्नास मतं आधीच टाकलेली होती. आणि ते खोटंही ठरलं नसतं! मी त्या म्हाताऱ्यासमोर आणि इतर एजंटांसमोर क्लोज, रिझल्ट, क्लिअर केलं, शून्य दाखवलं, त्यांच्या सह्या घेतल्या. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं अंगठा दिला.

हे सगळं सांगायचं कारण मारकडवाडी.

माळशिरस तालुका आमच्याच जिल्ह्यात आहे. २०२४ च्या विधानसभेला तिथून उत्तमराव जानकर निवडून आले, राम सातपुते पडले. पण मारकडवाडीत सातपुतेंना १००३ आणि जानकरांना ८४३ मतं दिसली. गावातल्या जानकरांच्या माणसांना हे पटेना. त्यांनी ठरवलं की ३ डिसेंबरला आपणच कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघू. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही, गुन्हे दाखल झाले. मग नेते आले, कॅमेरे आले, भाषणं झाली, आणि थोड्या दिवसांनी सगळे निघून गेले.

कायद्याच्या बाजूनं प्रशासनाचं बरोबर होतं असं माझंही मत आहे. असं खासगी मतदान कुणी घेऊ लागलं तर उद्या गावोगाव ज्याच्या हाती काठी तो मतपत्रिका छापेल. शिवाय त्यातून सिद्ध काहीच झालं नसतं. निकाल लागल्यावर, शेजाऱ्यांच्या देखत दुसऱ्यांदा दिलेलं मत हे पहिल्या मताचा पुरावा होत नाही. मला त्या दिवशी तिथं केंद्राध्यक्ष म्हणून बसायला सांगितलं असतं तर मी बसले नसते.

पण साहेब, त्या गावाला जायला दुसरं दार कुठलं होतं? सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ च्या निकालात मशीन तपासून घ्यायची सोय करून दिली खरी, पण ती दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला. इथं तर ज्यांच्या माणसांना शंका होती तो उमेदवार जिंकलेला! व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं ती चिठ्ठी दाखवणारं यंत्र, त्यातल्या चिठ्ठ्या मोजायचा अर्ज मतमोजणीच्या वेळी उमेदवारानं करायचा असतो. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या सोडत काढून मोजतात. त्यात आपलं गाव निघालं तर निघालं. राहिली निवडणूक याचिका. ती पंचेचाळीस दिवसांच्या आत कुठलाही मतदार उच्च न्यायालयात करू शकतो. म्हणजे आपणच निवडून आणलेल्या माणसाच्या निवडणुकीला आव्हान देऊन, वकील लावून, मुंबईला खेटे घालायचे, आणि तेही आमच्या गावची १६० मतं इकडची तिकडं कशी, एवढं विचारायला.

म्हणजे पटकेवाला म्हातारा विचारतोय, “मगाचं पुसलाव का?” आणि त्याला उत्तर मिळतंय, “खोलीबाहेर व्हा.”

मला तुमच्या पदाबद्दल जे सांगायचं आहे ते हेच. केंद्राध्यक्षाच्या कामाचं सार दाखवण्यात आहे. मशीन रिकामं आहे हे दाखवा, सील कोरं आहे हे दाखवा, सीलवरचा नंबर एजंटांना लिहून घेऊ द्या, बोटाची शाई दाखवा, संध्याकाळी किती मतं पडली त्या सतरा-सी नमुन्याची प्रत हातात द्या. कुणी मागितली नाही तरी द्या, हे आम्हाला प्रशिक्षणात ओरडून ओरडून शिकवलं जातं. हे सगळं आम्हाला शिकवणारं कार्यालय तुमचं. ते स्वतः दाखवायची वेळ आली की कसं वागतं, हे गेली काही वर्षं मी खालून बघते आहे, आणि मला माझा त्या पहाटेचा राग आठवतो. मला कोण विचारणार, हा राग.

एक हिशेब करून दाखवते, मास्तरीण आहे म्हणून. नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात संध्याकाळी पाचला मतदान ५८.२२ टक्के सांगितलं गेलं आणि अंतिम आकडा आला ६६.०५. मग आरडाओरडा, की संध्याकाळनंतर शहात्तर लाख मतं आली कुठून? मतदार होते ९ कोटी ७० लाख. फरक ७.८३ टक्के, म्हणजे साधारण ७६ लाख. मतदान केंद्रं एक लाखाच्या वर. म्हणजे केंद्रामागं पंचाहत्तर-शहात्तर मतं. पाच ते सहा हा आमचा गर्दीचा तास. ऊन उतरतं, बायका स्वयंपाकाआधी येतात, कामगार सुटतात. सहाला दार बंद करताना रांगेत जे असतील त्यांना आम्ही चिठ्ठ्या वाटतो, आणि त्या शेवटच्या माणसापासून पुढं वाटत येतो, म्हणजे मागून कुणी घुसू नये. माझ्या केंद्रावर त्या दिवशी अशा चिठ्ठ्या वाटल्या होत्या. शिवाय पाचचा आकडा हा आम्ही घाईत फोनवर सांगितलेला. रांगेतल्या माणसाची सही घेऊ की साहेबांना आकडा कळवू, यात फोन नेहमी मागं पडतो. शहात्तर मतं मला अजिबात अवघड वाटत नाहीत.

हे गणित चौथीच्या पोराला फळ्यावर समजावता येतं. त्याच रात्री तुमच्या माणसानं मराठीत, कॅमेऱ्यासमोर, फळा घेऊन मांडलं असतं तर? आयोगाचं उत्तर आलं ते महिना उलटल्यावर, एका पक्षाला लिहिलेल्या पत्रातून. तोवर चहाच्या टपऱ्यांवर ‘शहात्तर लाख’ हा शब्द पाठ झाला होता. त्याआधी मे महिन्यात, लोकसभेच्या वेळी, सतरा-सीचे आकडे संकेतस्थळावर टाका अशी मागणी न्यायालयात गेली, तेव्हा आयोगानं सांगितलं की ही प्रत एजंटांखेरीज कुणाला द्यावी असं कायद्यात नाही. नसेल. पण देऊ नये असंही कुठं आहे? रात्री दहाला रामवाडीच्या गोदामात रांगेत उभं राहून तो कागद आम्हीच जमा करतो. त्याचा फोटो काढून टाकायला किती वेळ लागतो, हे मला तरी ठाऊक आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, पद केवढं आणि तुम्ही बोलताय कागदाच्या फोटोबद्दल. पण हे पद पहिल्यापासून अशा बारक्या गोष्टींवरच उभं आहे. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन २१ मार्च १९५० ला आले तेव्हा आयोगाला दोन महिनेही झाले नव्हते. देशात सव्वासतरा कोटी मतदार, त्यांतले बहुतेक निरक्षर. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह. याद्या करताना कळलं की अनेक राज्यांत बायका आपलं नावच सांगत नाहीत. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. सेन अडून बसले, नाव हवंच. शेवटी अठ्ठावीस लाखांच्या आसपास बायकांची नावं यादीतून गळाली. चुकलं का त्यांचं? मला अजून ठरवता येत नाही. एकीकडे अठ्ठावीस लाख बायकांचं मत गेलं, आणि दुसरीकडे पुढच्या निवडणुकीपर्यंत लोकांना कळलं की सरकारदरबारी बाईला स्वतःचं नाव लागतं.

आमच्याकडे अडचण उलटी होती. १९९१ ला मी पहिल्या क्रमांकाची मतदान अधिकारी, यादीत नाव शोधणारी. बाई स्वतःचं नाव सांगायची, पण पतीचं विचारलं की मागच्या बाईकडे बघायची. मागची हसून सांगायची. एकीनं तर उखाणाच घेतला आणि सगळं केंद्र, एजंटांसकट, हसलं. नियमात बसत होतं की नाही कोण जाणे, पण ओळख पटली!

त्या काळात शेषन म्हणजे घराघरांत विशेषनाम राहिलं नव्हतं. आमच्या सासूबाई कडक होत्या, त्यांना दीर मागून शेषनच म्हणायचे. रंगवलेल्या भिंती पांढऱ्या झाल्या, रात्रीचे भोंगे बंद झाले, १९९३ पासून फोटोची ओळखपत्रं सुरू झाली. आम्हा कर्मचाऱ्यांना पहिल्यांदा वाटलं की आपल्या पाठीशी कुणीतरी आहे. गावच्या पाटलानं डोळे वटारले तरी आपण वटारून बघू शकतो. पण त्याच शेषनसाहेबांना, सरकारनं आणखी दोन आयुक्त नेमले तेव्हा, ते रुचलं नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये हरले. न्यायालयानं म्हटलं त्याचा अर्थ एवढाच, की मुख्य आयुक्त हा तिघांतला पहिला आहे, इतर दोघांचा साहेब नाही. एकमत झालं नाही तर बहुमत. हे आठवण म्हणून लिहिलं, कारण आजही लोक मला म्हणतात, “एक शेषन पाहिजे.” मला नको आहे. शेषनांच्या जाण्याबरोबर जे जातं ते फार टिकाऊ नव्हतं असं म्हणावं लागेल. मला सेनांसारखा पेटीचा, नावाचा, रांगेचा विचार करणारा माणूस चालेल.

नेमणुकीचंही बोलायला हवं, कारण गावात ते विचारतात. घटना समितीत जून १९४९ मध्ये ही कलमं चर्चेला आली तेव्हा आयुक्त संसदेच्या दोनतृतीयांश मतांनी मान्य व्हावा अशी सूचना आली होती. बाबासाहेबांनीही कबूल केलं होतं की सरकारच्या मुठीत राहील असा माणूस नेमला जाण्यापासून या घटनेत काही आडकाठी नाही. ती आडकाठी संसदेनं कायद्यानं घालायची होती. सत्तर-बहात्तर वर्षं कायदाच झाला नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांनी मिळून नाव सुचवावं. डिसेंबरात कायदा झाला, त्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आला. दोन विरुद्ध एक. शाळेच्या व्यवस्थापन समितीत असं झालं तर आम्ही त्याला काय म्हणतो ते इथं लिहीत नाही. यात तुमचा दोष नाही, कायदा तुम्ही केला नाही. पण त्या दारानं आत आलात म्हणून तुम्हाला इतरांपेक्षा जास्त दाखवावं लागेल. ज्याला हेडमास्तरानं स्वतःचा भाचा म्हणून नेमलंय त्यानं वर्गात दुप्पट शिकवावं लागतं, तसं.

माझ्या आईची गोष्ट सांगते. ७ मे २०२४, सोलापुरात लोकसभेचं मतदान. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी दुसऱ्या मतदारसंघात ड्युटीवर. आईला भाचा रिक्षातून केंद्रावर घेऊन गेला. यादीत तिच्या नावापुढं शिक्का, वगळलेली. कारण मयत. आई तेलुगूत ओरडली, मी मेले हे मलाच कसं नाही सांगितलं? पहिल्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याला भाषा समजली नाही, पण अर्थ समजला असावा. तो बिचारा माझ्यासारखाच मास्तर, त्याच्या हातात काही नव्हतं. १९७१ पासून न चुकता मत देणारी बाई बोट कोरं घेऊन घरी आली.

नंतर मी कायदा वाचला. १९५० च्या कायद्याचं कलम २२. नाव वगळण्याआधी माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यायची. गाव सोडला म्हणून वगळायचं असेल तरी द्यायची. मृत्यूच्या कारणाला मात्र ती अट नाही. बरोबरच आहे, मेलेल्याला नोटीस कशी बजावणार? पण त्यामुळं जिवंत माणसाला चुकून मेलेला ठरवलं तर त्याला कळतं ते थेट मतदानाच्या दिवशी. पूर्व भागातली आमची नावं मराठीत टंकताना काय काय होतात ते तुम्हाला सांगते. आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. एकाच गल्लीत एका नावाच्या चार बाया. एक गेली तर दुसरीचं नाव कापलं जायला कितीसा वेळ? चूक करणारी आमचीच कुणी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, असते. अंगणवाडी सांभाळून, हजार-बाराशे मतदारांची घरं फिरणारी. तिचं मानधन वर्षाला सहा हजारांचं बारा हजार केलंत, चांगलं केलंत. आमच्या गल्लीतली विड्या वळणारी बाई त्याहून जास्त मिळवते.

बिहारमध्ये २०२५ च्या उन्हाळ्यात मतदार यादीचं विशेष पुनरीक्षण, म्हणजे फेरतपासणी झाली, प्रारूप यादीत ६५ लाख नावं नव्हती. कोणती आणि का, हे लोकांना दिसेल असं प्रसिद्ध करा, असं १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. सांगितल्यावर ते थोड्या दिवसांत झालंही. म्हणजे करता येत होतं! माझ्या आईचं नाव ‘मयत’ म्हणून कापताना ते केंद्राच्या भिंतीवर महिनाभर लावलं असतं तर गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा पळत येऊन म्हणालं असतं, “आज्जी, तू मेलीस म्हणे.” आणि नावनोंदणीचा नमुना सहा भरून आईचं नाव परत आलं असतं. नोव्हेंबरात ते आलं, माझ्या चार फेऱ्यांनंतर.

आणखी एक. मतदान केंद्रातलं सीसीटीव्ही चित्रण. डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलला, असं चित्रण लोकांना बघायला मिळणार नाही. मग ते पंचेचाळीस दिवसच ठेवायचं ठरलं. ऑगस्ट २०२५ च्या पत्रकार परिषदेत तुमच्या खुर्चीतून विचारलं गेलं, आई, सून, मुलगी यांचं चित्रण का द्यायचं? मी आई आहे, सून होते, मुलगी अजून आहे. चित्रणाचा दुरुपयोग होतो हे मला मान्य आहे, आजकाल फोटोवरून काय काय बनवतात ते नातवानं दाखवलंय. पण आमच्या नावानं एखादी गोष्ट झाकायची असेल तर एकदा आम्हाला विचारायचं होतं. मी रांगेत उभी राहते ती चारचौघांत. गुप्त माझं बटण आहे, माझी रांग नाही.

महापालिकेचं सांगून टाकते, कारण शिव्या तुम्हाला पडतात आणि कारण तुम्ही नसता. आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर वर्षानुवर्षं प्रशासकाचं राज्य होतं. लोक म्हणायचे, निवडणूक आयोग झोपलाय. ती निवडणूक तुमच्याकडे नाही, राज्य निवडणूक आयोगाकडे. तो वेगळा, घटनेच्या वेगळ्या कलमातला, आणि तिथं व्हीव्हीपॅटही नसतं. त्यामुळं प्रभागात चार-चार बटणं दाबून आलेला माणूस मला विचारतो, “बाई, या वेळी ती चिठ्ठी का दिसली नाही हो?” मी समजावते. तुमच्याकडून हे कुणी समजावल्याचं मात्र ऐकलं नाही.

तर मागणं काय? नवा कायदा मागत नाही, तो तुमच्या हातात नाही. घटनेचं ३२४ कलम तुम्हाला निवडणुकीची देखरेख, निर्देशन आणि नियंत्रण देतं. मुख्य आयुक्ताला हटवायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याइतकं अवघड करून ठेवलंय. एवढं संरक्षण असलेल्या माणसानं प्रश्नाला घाबरायचं काय कारण?

मारकडवाडीला या. सोबत एक कंट्रोल युनिट, एक बॅलट युनिट, एक व्हीव्हीपॅट आणा. पोलीस बंदोबस्त थोडा लांब उभा करा. गावातल्या सगळ्यांसमोर पन्नास मतं टाका, चिठ्ठी सात सेकंद दिसते ती प्रत्येकाला बघू द्या, चिठ्ठ्या मोजा, मशीनशी जुळवा. त्यांच्या गावचे सतरा-सी वाचून दाखवा. ते वाट्टेल ते विचारतील, ओरडतीलही. ओरडू द्या. कुणाचं शंभर टक्के समाधान होणार नाही, पण पुढच्या वेळी पहाटे साडेपाचला त्यांचा एजंट शाळेत येऊन बाकावर बसेल.

दिल्लीहून कर्नाटक एक्स्प्रेस थेट सोलापूरला येते. पुढं माळशिरस तालुका शंभराहून जास्त किलोमीटर, जिल्ह्याच्या पार पश्चिमेला. मे महिन्यात मात्र येऊ नका, मशीन आणि माणूस दोन्ही तापतात. दिवाळीनंतर या. मी आता तुमच्या प्रतिनियुक्तीवर नाही, त्यामुळं भत्ता लागणार नाही. पाकिटांवर शिक्के मारायला आणि क्लिअरचं बटण दाबलंय का ते बघायला मी येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका व माजी मतदान केंद्राध्यक्ष,
सोलापूर